नवेगावचा बांध

सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या पाषाणाची घडलेली आहे, तो पाषाण पश्चिमेकडे थेट सह्याद्रीपर्यंत अखंड पसरलेला असून त्याची पूर्व सीमा नागपूरच्याच परिसरात येऊन संपते, ही गोष्ट या शहरात आयुष्य घालविलेल्या पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नागपूरच्या पश्चिमेस लाव्हारसापासून बनलेली काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आहे. तेथे कापूस, ज्वारी आणि संत्री होतात, आणि विहीर खणली म्हणजे बहुधा पाणी लागते. पूर्वेस कन्हान ओलांडून भंडाऱ्याच्या वाटेला लागले म्हणजे भूमीचे स्वरूप पालटू लागते. खडक त्या लाव्हारसाहून कितीतरी पटींनी प्राचीन, रूपांतरित आणि कठीण, माती पिवळसर किंवा तांबूस, आणि क्षितिजावर लहान लहान टेकड्यांच्या तुटक रांगा दिसू लागतात. हा वैनगंगेच्या खोऱ्याचा प्रदेश, ज्याला तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात. येथे पाऊस नागपूरपेक्षा अधिक, वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो, आणि खालचा खडक पाणी पोटात घेणारा नसल्याने ते पाणी उतारावरून नदीला मिळून निघून जाते. ज्या भूमीत पाऊस विपुल आणि भूजल अल्प, अशा भूमीत धानासारखे पाण्याचे पीक घ्यावयाचे तर पाणी अडविणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो मार्ग या प्रदेशाने इतक्या निष्ठेने अनुसरला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून आज हजारो जुने तलाव आढळतात. त्यांतला सर्वांत विस्तीर्ण, आणि वन्य जीवनाच्या दृष्टीने सर्वांत संपन्न, तो गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध.

नागपूरहून भंडारा, साकोली या मार्गाने तेथे जाता येते. जुन्या गॅझेटियरमध्ये या तलावाचे क्षेत्र ५ चौरस मैल आणि परीघ १७ मैल नोंदलेला आहे. परिघाचा आकडा क्षेत्राच्या मानाने मोठा वाटतो, त्याचे कारण तलावाची आकृतीच वाकडीतिकडी आहे. टेकड्यांच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या, त्यांच्या बेचक्यांत पाणी शिरून लहान लहान आखाते झालेली, आणि मध्ये मालडोंगरी नावाचे बेट. बांधावर उभे राहिले असता संपूर्ण तलाव एका दृष्टिक्षेपात कधीच दिसत नाही. एका डोंगरामागून पाणी वळून दुसऱ्या डोंगरामागे जाते आणि पुढे कोठे संपते ते कळत नाही. सभोवती ज्या टेकड्या आहेत त्यांतील सात शिखरांना सातबहिणी असे नाव असून, तलाव बांधण्याच्या कामी या सात देवतांनी हातभार लावला अशी तेथील श्रद्धा आहे.

हा तलाव बांधला कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या आरंभी. ज्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाने नागपूर शहर वसविले, जवळजवळ त्याच सुमारास या गावच्या पाटलाने दोन टेकड्यांमधील खिंड मातीने भरून एका खोऱ्याचे सरोवर करून टाकले. आणि त्या कर्तृत्वाबद्दल लोकांनी त्यांना मरणोत्तर देवत्व दिले. कोलासूर या नावाने त्यांचे स्थान बांधापाशी आजही पुजले जाते. राजांची आणि सेनापतींची स्मारके आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु मातीचा बांध नीट बांधला म्हणून देव झालेला मनुष्य विरळा, आणि लोकांची ही निवड मला अतिशय यथार्थ वाटते.

कोहळी ही तलाव बांधणाऱ्यांची आणि उसाची शेती करणाऱ्यांची जात. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना बनारसच्या बाजूने आणले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. परंपरा काहीही असो, गोंड राजांच्या महसुली धोरणाचा वाटा यात निर्विवाद मोठा होता. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला त्या गावाची सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तितकी जमीन, असा चांद्याच्या राज्याचा कायदा असल्याचे इंग्रज बंदोबस्त अधिकाऱ्यांनी आपल्या दप्तरात नमूद केले आहे. खजिन्यातून एक कवडी खर्च न करता राज्यभर तलाव बांधवून घेणारी ही युक्ती होती. कोहळ्यांना यंत्रे नव्हती, नकाशे नव्हते. परंतु कोठल्या दोन टेकड्यांमध्ये पाळ घातली म्हणजे थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडेल, ओढ्याचा वेग कोठे मंदावतो, सांडवा कोठल्या अंगाला काढला म्हणजे बांध धुपणार नाही, हे त्यांना जमिनीच्या नुसत्या दर्शनाने कळत असे. नवेगावचा बांध केवळ मातीचा आहे. या प्रदेशात पाणी सोडण्याच्या दाराला तुडुम म्हणतात. ते पाळीच्या आतल्या बाजूस बसविलेले असून पाण्याच्या उतरत्या पातळीप्रमाणे एकेक छिद्र उघडावयाचे, अशी साधी योजना असे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा सांडवा खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि बोडीचे पाणी बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानशेतांत, अशी साखळी कित्येक गावांतून पाहावयास मिळते.

आता या तलावाचे महत्त्व नीट कळावे म्हणून क्षणभर फार दूरच्या सरोवराकडे वळतो. स्वीडन देशात व्हेनर्न नावाचे महासरोवर आहे. क्षेत्र सुमारे ५६५० चौरस किलोमीटर, अधिकात अधिक खोली १०६ मीटर, आणि रशियातील लाडोगा व ओनेगा ही दोन सोडली तर युरोपात त्याहून मोठे सरोवर नाही. ते कोणा मनुष्याने बांधले नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमयुगाचा बर्फ उत्तरेकडे मागे हटला, त्याच्या भाराने दबलेली भूमी हळूहळू वर उचलली गेली, आणि समुद्राचा एक भाग भूमीत कोंडला जाऊन गोड्या पाण्याचा झाला. त्यात अडकलेला सामन मासा समुद्राचा मार्ग विसरून तेथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिला आणि आजही केवळ नदीत व सरोवरात जगतो. फिनलंडच्या सायमा सरोवरात तर अशाच प्रकारे कोंडल्या गेलेल्या सीलची एक स्वतंत्र उपजात आहे. तिची संख्या काही शेकड्यांच्या पलीकडे नाही. ही सरोवरे कडाक्याच्या हिवाळ्यात गोठतात, आणि तेथील पाणपक्ष्यांना बर्फाच्या पुढे दक्षिणेकडे निघून जावे लागते.

एका बाजूला हिमयुगाने हजारो वर्षांत घडविलेले सरोवर आणि दुसऱ्या बाजूला पाटलाने बांधलेला तलाव, यांची तुलना कोणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु व्हेनर्नच्या इतिहासातील एक घटना आपल्या उपयोगाची आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वीजनिर्मितीसाठी त्या सरोवराच्या पातळीचे नियमन सुरू झाले आणि पुढे २००८ नंतर ते अधिक कडक झाले. त्यामुळे पाण्याचे नैसर्गिक चढउतार कमी झाले. परिणाम असा झाला, की ज्या किनाऱ्यांना आणि खडकाळ बेटांना पाणी वेळोवेळी धुऊन उघडे ठेवीत असे, तेथे बोरू आणि झुडपे माजू लागली, आणि उघड्या खडकांवर घरटी करणाऱ्या कुरव-सुरय पक्ष्यांच्या जागा आकसू लागल्या. याचा अर्थ असा, की सरोवराला केवळ पाणी असून भागत नाही. ते पाणी चढले पाहिजे आणि उतरलेही पाहिजे. उत्तरेच्या विज्ञानाला जे सरोवर बिघडल्यावर उमगले, ते नवेगावला तुडुमाच्या रचनेतच बसलेले होते. धानाला पाणी देण्यासाठी दरवर्षी हा तलाव हळूहळू रिकामा करावा लागे, आणि पाण्याच्या या संथ माघारीवरच येथील सगळा पक्षिसंसार उभा राहिला.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. मृगाचा पाऊस पडला की चहूकडचे ओढे वाहू लागतात आणि तलावातले मासे प्रवाहाविरुद्ध चढून वरच्या उथळ पाण्यात, प्रसंगी धानाच्या बांध्यांतही, अंडी घालावयास जातात. उन्हाळ्यात काठावर जे गवत आणि ज्या पाणवनस्पती उगवलेल्या असतात त्या नव्या पाण्याखाली बुडून कुजतात. त्या कुजण्यातून सूक्ष्म जीव वाढतात आणि नुकत्या जन्मलेल्या पिलांचे अन्न तयार होते. भाद्रपदात तलाव तुडुंब होतो. त्या वेळी बदकांना त्याचा फारसा उपयोग नसतो, कारण पाणी खोल आणि काठ बुडालेले. परंतु कमळांची आणि पोयणीची पाने पाण्यावर पसरलेली असतात आणि त्यांवरून कमळपक्षी आपल्या लांबलचक बोटांनी चालत असतो. या पक्ष्याच्या लांब शेपटीच्या जातीत मादी अंडी घालून दुसरीकडे निघून जाते. ती उबविण्याचे आणि पिले सांभाळण्याचे काम नराच्या वाट्याला येते. आश्विनात धान निसवू लागला म्हणजे शेवटच्या पाण्याची गरज पडते, तुडुम उघडतात, आणि तलाव उतरू लागतो. नेमक्या याच सुमारास उत्तरेकडून पाहुण्यांचे आगमन सुरू होते.

तिबेट, मंगोलिया, लडाख येथील उंच सरोवरांवर जन्मलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. चक्रवाकांच्या जोड्या येतात. सरगे बदक, थापट्या, चक्रांग, मोठी लालसरी आणि वारकरी येतात. पाणी जसे मागे सरते तसा काठाचा एक पट्टा उघडा पडतो. त्याच्या बाहेरच्या कडेला ओला चिखल, पुढे बोटभर पाणी, पुढे गुडघाभर, आणि पुढे पोहण्याइतके. प्रत्येक पक्ष्याच्या चोचीची आणि पायांची लांबी या पट्ट्यातील एकेका खोलीशी जुळलेली असते. चिखलावर टिटवी आणि तुतवार, बोटभर पाण्यात पाणलावा, त्याच्या पुढे लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, त्याच्या पुढे डोके बुडवून आणि शेपूट वर करून तळचे मुळकांडे उपटणारी सरगे बदके, आणि खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या लालसऱ्या. ही रचना स्थिर नाही. पाणी दर आठवड्याला मागे सरत असते आणि त्याबरोबर संपूर्ण पंगत पुढे सरकत असते. कालपर्यंत पाण्याखाली असलेला चिखल आज उघडा होतो, त्यातील शंख-शिंपले आणि किडे ताजे असतात, आणि म्हणून कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तलाव आपल्या पाहुण्यांना दररोज नवे अन्न वाढीत राहतो. खोल आणि सरळ काठांच्या जलाशयात हे होत नाही. तेथे पाणी कितीही असले तरी त्यात पोट भरणारे पक्षी थोडे.

स्थायिक पक्ष्यांची गोष्ट निराळी, आणि ती कळण्यासाठी पाण्याकडून अरण्याकडे पाहावे लागते. अडई, काणूक आणि नकटा ही बदके इथलीच; आणि बदक म्हटल्यावर आपण पाण्याचीच कल्पना करीत असलो तरी ही तिन्ही बदके बहुधा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतात. काणुकाची इवलीशी पिले ढोलीतून खाली उडी घेतात आणि आईच्या मागून पाण्याकडे जातात. म्हणजे तलावाच्या काठी वठलेले, पोकळ झालेले मोह-ऐनाचे वृक्ष नसतील, तर पाणी असूनही ही बदके विणणार नाहीत. नवेगावचे भाग्य असे, की तेथे पाणी आणि अरण्य यांच्यामध्ये शेताचा किंवा वस्तीचा पट्टा पुष्कळ ठिकाणी नाहीच. साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू आणि बांबू यांचे रान थेट पाण्याला येऊन भिडते. सांबर आणि चितळ पाण्यावर येतात, त्यांच्यामागून बिबट्या आणि रानकुत्री येतात. अस्वलाला मोहाचा हंगाम आणि पाणी एकाच जागी मिळते. आणि पाण्यात पाणमांजर, म्हणजे ऊद. टोळीने शिकार करणारा हा प्राणी मासे भरपूर आणि काठ निवांत असतील तेथेच टिकतो, म्हणून त्याचे अस्तित्व ही तलावाच्या प्रकृतीची फार विश्वसनीय साक्ष समजावी.

नवेगावच्या या वैभवाची ओळख मराठी वाचकांना करून दिली ती मारुती चितमपल्ली यांनी. सोलापुरात १९३२ साली जन्मलेला हा वनाधिकारी विदर्भात आला, नवेगावच्या तलावाकाठी राहिला, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाने हे गाव मराठी साहित्याच्या नकाशावर कायमचे नोंदले गेले. त्यांच्या लेखनातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पक्ष्यांविषयीचे ज्ञान त्यांनी केवळ ग्रंथांतून घेतले नाही; गावचे माधवराव पाटील डोंगरवार, रानात फिरणारे गोंड आणि तलावावर जगणारे ढिवर यांना त्यांनी गुरू मानले, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्या ज्ञानाला ग्रंथात मानाने स्थान दिले. पद्मश्री मिळाल्यावर थोड्याच महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, ते निवर्तले. नवेगावचे अरण्य १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले, तलावाच्या परिसरास डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागझिरा, कोका इत्यादी अभयारण्यांसह नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वाघासाठी या पट्ट्याचे महत्त्व आहेच. ताडोबा, उमरेड, पेंच आणि कान्हा यांच्यामधील ही वाट आहे, आणि २०२३ साली ब्रह्मपुरीच्या बाजूकडून दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडण्यात आल्या. तथापि व्याघ्र प्रकल्प ही संज्ञा आली की लोकांचे, आणि खात्याचेही, लक्ष वाघावर खिळते व पाण्याचा विचार मागे पडतो, ही भीती निराधार नाही.

सारसाचा उल्लेख मी मुद्दाम मागे ठेवला. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच असा हा क्रौंच, मस्तक आणि मानेचा वरचा भाग रक्तवर्ण, जोडीने राहणारा, आणि जोडीने सूर मिळवून ओरडणारा. महाराष्ट्रात तो आज जवळजवळ केवळ गोंदिया आणि त्याच्या सरहद्दीच्या भागात उरला असून त्याची संख्या अलीकडच्या गणनांत तीस-चाळिसांच्या आसपास आढळते. सारसाला अरण्य नको असते. त्याला तलावाचा उथळ, वनस्पतींनी भरलेला काठ हवा असतो आणि त्याला लागून धानाच्या बांध्या हव्या असतात. पावसाळ्यात तो गवत आणि देवधान, म्हणजे रानातील आपोआप उगवणारे धान, ओढून पाण्यात मोठा ढीग रचतो आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालतो. घरटे बांधीत झाले म्हणजे चार-सहा हात जागेतील पीक जाते, म्हणून कास्तकार पूर्वी ते मोडीत. गोंदियातील सेवा या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून कास्तकारांची समजूत घातली, आणि आता त्यांतले पुष्कळ कास्तकार स्वतःच घरट्याची राखण करतात. तरीही विजेच्या तारा आणि कीटकनाशके यांनी सारस मरत राहिले. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, हे या नगरीला भूषणावह आहे.

तलावांचा ऱ्हास कसा झाला, याचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. इंग्रजी अंमलात मालगुजारांकडे तलावांची मालकी आली, परंतु रयतेचे पाण्याचे, माशांचे आणि गुरांच्या निस्ताराचे हक्क वाजिब-उल्-अर्जात, म्हणजे गावाच्या वहिवाटींच्या नोंदपत्रात, लिहिलेले असत, आणि उन्हाळ्यात गाळ काढणे, पाळीवर माती घालणे ही कामे गाव मिळून करी. १९५१ साली मालगुजारी रद्द झाली, तलाव सरकारजमा झाले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान पुढे जिल्हा परिषदेकडे गेले. अन्यायी जमीनदारीचा अंत झाला हे इष्टच झाले. परंतु तिच्याबरोबर गावाची देखरेखही संपली, तिच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही, आणि बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. ढिवरांच्या सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळाले, त्यांत रोहू-कटल्याचे बीज सोडण्यावर भर आला, आणि मरळ, शिंगी, मागूर असे देशी मासे व ज्या पाणवनस्पतींत ते विणतात त्या वनस्पती, दोन्ही मागे हटले.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि अर्जुनी-मोरगावकडील ढिवर स्त्रियांच्या गटांनी या बाबतीत जे काम केले आहे, ते कोणत्याही मोठ्या योजनेहून मला अधिक शास्त्रशुद्ध वाटते. त्यांनी बेशरम मुळासकट उपटले, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला, आणि कोणती वनस्पती किती खोलीवर वाढते व तिच्यात कोणता मासा अंडी घालतो हे जुन्या जाणत्यांकडून समजून घेऊन त्या वनस्पती पुन्हा लावल्या. मासे परत आले, आणि त्यांच्यामागून पक्षीही आले.

याच्या नेमके उलट काम आज खोलीकरणाच्या नावाखाली यंत्रे करीत आहेत. शेतासाठी गाळ काढणे हे जुनेच कार्य आहे, आणि त्याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. परंतु जुने लोक गाळ पाळीच्या पोटाशी, खोल भागातून काढीत आणि वरचा उथळ उतार तसाच राखीत. यंत्राला तो भेद कळत नाही. ते सोयीच्या बाजूने, म्हणजे बहुधा उथळ काठानेच, आत शिरते आणि सबंध तळ एकसारखा खणून सरळ कडांचा हौद करून ठेवते. त्यात पाण्याचा साठा वाढल्याची नोंद कागदावर होते, आणि वर ज्या पट्ट्याचे वर्णन केले तो पट्टा, त्यातील देवधान, पाणलावा, सरगे बदके आणि सारस यांसह नाहीसा होतो. म्हणून तलाव ज्यांच्या ताब्यात आहेत त्या पाटबंधारे खात्याकडे आणि जिल्हा परिषदांकडे एवढीच विनंती आहे, की कोणत्याही जुन्या तलावाची माती उचलण्यापूर्वी निदान एक हिवाळा त्यावरील पक्ष्यांची गणना करवून घ्यावी, तेथील ढिवरांना विचारून उथळ काठाची सीमा आखावी, त्या सीमेच्या आत यंत्र नेऊ नये, आणि ज्या तलावावर सारसाची जोडी विणते त्या तलावाच्या काठास हातच लावू नये.